अकरा आठवड्यांची ठिपकी आणि माझे ओरबाडलेले हात

रिमझिम
नमस्कार मंडळी. कित्येक महिने नुसती वाचनमात्र होते. आज पहिला धागा काढतेय, तोही डाव्या हाताने टंकत, कारण उजव्या अंगठ्याला पट्टी आहे.

बारा दिवसांपूर्वी आमच्याकडे ठिपकी आली. मिश्र जातीची, पांढरी, उजव्या डोळ्यावर एकच काळा ठिपका. वय अकरा आठवडे. तिची आई आजारी पडली म्हणून पिल्लं लवकर वेगळी करावी लागली. साडेपाच आठवड्यांची असल्यापासून ती माझ्या मैत्रिणीकडे एकटीच वाढली, मग आमच्याकडे आली.

सकाळी इतकी गुणी असते की दृष्ट लागावी. दिवस कलला की अंगात वारं शिरतं. काल मी खाली बसून बुटाची नाडी बांधत होते. बाईसाहेब आल्या, आधी नाडी धरली, मग नाडीतलं बोट, मग बाही. बाही सोडवायला हात झटकला तर उडी मारून अंगठाच पकडला. रक्त आलं. मी "नाही!" म्हणून ओरडले, ती शेपूट हलवत भुंकली आणि परत आली. कुणीतरी सांगितलं होतं की पिल्लासारखं "कुईं" करून ओरडा. केलं. तिला आणखीनच चेव आला.

घरात मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासरे. मुलगा संध्याकाळी सोफ्यावरून खाली पाय ठेवत नाही. बाबा म्हणतात, "पिल्लू आहे, चावणारच." नवरा म्हणतो, "तू लाडावून ठेवलंयस."

प्रश्न दोन. ही आक्रमक आहे का? आणि मोठी होऊन चावरी निघाली तर?

भटक्या_जीव
अभिनंदन, तुम्ही कुत्र्याचं समजून मगरीचं पिल्लू आणलंय. सगळेच आणतात. सहा-सात महिन्यांनी आपोआप कुत्रा होतं. तोवर जुने कपडे घाला आणि नाडीच्या पायजम्यांना सुट्टी द्या.

जुनाजाणता
रिमझिम, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण झोप त्यानेच उडालेली दिसतेय. अकरा आठवड्यांचं पिल्लू खेळताना दात लावतं यावरून ते मोठेपणी चावरं निघेल असं म्हणता येत नाही. पिल्लाला हात नसतात. तुम्ही-आम्ही वस्तू उचलून, चाचपून बघतो, ते तोंडात घेऊन बघतं. भावंडांशी खेळतं तेही तोंडानेच.

आता तिची गोष्ट थोडी वेगळी का, ते. पिल्लं एकमेकांच्या कानाला, पायाला चावतात. जोरात लागलं की समोरचं केकाटतं आणि खेळ सोडून बाजूला होतं. चावणाऱ्याच्या लक्षात येतं की एवढ्या जोरात धरलं की मजा संपते. आईही दूध पाजताना दात लागले की उठून जाते. जबड्याचा जोर आवरायची ही शाळा साधारण आठव्या आठवड्यापर्यंत तरी चालू राहिलेली बरी. ठिपकीचं नाव त्या शाळेतून पहिलीतच कमी झालं. बिचारीला माहीतच नाही की तुमची कातडी तिच्या भावंडांच्या केसाळ कातडीइतकी जाड नाही.

पिल्लांचे दुधाचे दात 28 असतात, आणि सुईसारखे. जबड्यात मात्र ताकद नसते. इयान डनबार नावाचे पशुवैद्य आणि श्वानवर्तनाचे अभ्यासक आहेत. त्यांची मांडणी अशी की आधी चावण्याचा जोर कमी करायला शिकवा, मग चावण्याची संख्या. दाताचा स्पर्श पहिल्याच दिवशी बंद केला, तर दात किती हळू लावायचा हे पिल्लू शिकणारच कधी? उद्या कुणी चुकून शेपटीवर पाय दिला आणि कुत्र्याने वळून तोंड लावलं, तर नुसती लाळ लागणार की टाके पडणार, हे या शिक्षणावर ठरतं. मला हे पटतं. पण घरात लहान मूल असेल तर मुलाच्या बाबतीत दात पहिल्यापासून बंदच, तिथे टप्पेबिप्पे नाहीत.

दाढीवाला
एवढं काय शास्त्र? नाकावर एक टपली. तरी ऐकलं नाही तर उताणं पाडून, गळ्याशी धरून ठेवायचं, गप्प होईपर्यंत. घरात मालक कोण हे पहिल्या महिन्यात कळलं पाहिजे. आमचा शेरू असाच वाढला. तेरा वर्षं जगला, कधी कुणाला चावला नाही.

खारूताई
दाढीवाला काका, वयाचा मान राखून कडाडून विरोध.

ते उताणं पाडणं ज्या समजुतीतून आलं ती लांडग्यांवरून उचललेली आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिस्त लांडग्यांबद्दल लिहिलं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात कोंडले की मारामाऱ्या होणारच. त्यावरून "कळपाचा म्होरक्या" ही कल्पना रुजली. पुढे डेव्हिड मीच यांनी रानातल्या लांडग्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि 1999 मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. म्हणजे लांडग्यांच्या बाबतीतही ते गृहीतक टिकत नाही, आणि आपल्याकडे तर कुत्रा आहे.

व्यवहाराचं बोलायचं तर नाकावर टपली मारल्यावर दोनांपैकी एक होतं. धीट पिल्लाला वाटतं वा, कुस्ती सुरू झाली, आणि ते दुप्पट जोराने येतं. भित्र्या पिल्लाला हाताची भीती बसते. मग औषध द्यायला, कान तपासायला, पट्टा घालायला हात पुढे केला की ते दात दाखवणार. आणि गुरगुरण्याबद्दल मार बसला तर ते गुरगुरायचं सोडतं, थेट चावतं. सूचना देणारी घंटाच आपण काढून टाकतो.

दाढीवाला
शेरू चावला नाही हे तर खरं आहे ना?

खारूताई
खरंच असणार. फक्त एक सांगा, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलात की तो काय करायचा?

दाढीवाला
मान खाली घालायचा. डोळे मिटून घ्यायचा. मला वाटायचं मान देतोय.

खारूताई
यावर काही बोलत नाही काका. तुमचं त्याच्यावर प्रेम होतं हे दिसतंय.

व्हेटबाई
मी पशुवैद्य आहे. वर्तनाच्या चर्चेआधी एक महत्त्वाची गोष्ट, जी आतापर्यंत कुणीच विचारली नाही. रिमझिम, अंगठ्यातून रक्त आलं, मग तुम्ही काय केलंत? नुसती पट्टी?

जिथे रेबीज आहे तिथे "घरचंच पिल्लू, खेळताना लागलं" हे कारण चालत नाही. अकरा आठवड्यांच्या पिल्लाची रेबीजची लस बहुधा झालेलीच नसते, कारण ती साधारण तीन महिन्यांच्या सुमारास देतात. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. मग माणसांच्या डॉक्टरांकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर तो दुसरा वर्ग, आणि दात कातडीच्या आत गेला तर तिसरा, म्हणजे सगळ्यांत गंभीर. लस, आणि तिसऱ्या वर्गात तिच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), यांचा निर्णय डॉक्टर घेतील. तुम्ही घरी बसून घेऊ नका. आजच जा. धागा कुठे पळून जात नाही.

आता आक्रमक की खेळकर. खेळातलं पिल्लू सैल असतं. अंग वळवळतं, पुढचे पाय टेकून ढुंगण वर करतं, उगाच उड्या मारतं, गुरगुरलं तरी तोंड उघडं आणि चेहरा सैल. काळजी करावी असं पिल्लू ताठ होतं. खाण्याच्या भांड्याजवळ किंवा खेळण्याजवळ कुणी आलं की एकदम गोठतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतं, ओठ वर ओढतं. असं काही असेल तर इथले सल्ले पुरे पडणार नाहीत, प्रत्यक्ष दाखवा.

रिमझिम
व्हेटबाई, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि गेले. डॉक्टर थोडं रागावले, उपचार सुरू केले. मैत्रिणीलाही फोन करून सांगितलं, तिलाही ओरखडे होतेच. खरंच आभार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ताठ होणं, तिरकं बघणं यातलं काहीच नाही. ढुंगण वर, शेपूट पंख्यासारखी.

मंजिरी_म
हुश्श. आता मी एक प्रश्न विचारते: ती झोपते किती?

हसू नका. या वयाची पिल्लं दिवसातले 18 ते 20 तास झोपतात. आपल्याकडे नवीन पिल्लू आलं की घरातला प्रत्येक जण त्याला उठवतो, उचलतो, पाहुण्यांना दाखवतो. ते दमतं. आणि दमलेलं पिल्लू लहान मुलासारखं पेंगत नाही, पिसाळल्यासारखं करतं. तुम्ही "दिवस कलला की" असं लिहिलंय तिथेच माझी शंका बळावली.

माझं ऐका, तीन दिवस वही घाला. प्रत्येक चावा: किती वाजता, कुणाला, कुठे, त्याच्या आधी काय चाललं होतं. आणि झोपेचे तास. उपाय नंतर.

घुबड
वहीची कल्पना बेस्ट. फक्त वही वर ठेवा. आमच्याकडची खाल्ली होती.

रिमझिम
तीन दिवसांची वही (सुरक्षित आहे, फ्रिजवर ठेवली होती).

एकूण नोंदी 41. त्यातल्या 29 संध्याकाळी सात ते नऊ. माझं तोंडच बंद झालं. मला वाटत होतं दिवसभर चावते.

झोप सरासरी बारा-साडेबारा तास. मुलगा शाळेतून आला की तिला उठवतो, मग नवरा आला की तो, मग शेजारच्या मुली.

आणि तिसरी गोष्ट, जी मी शोधत नव्हते. 41 पैकी 17 नोंदी बाबांच्या खुर्चीच्या आसपासच्या. काल स्वयंपाकघराच्या दारातून हळूच पाहिलं. बाबांनी हाताला मोजा चढवला होता आणि "साप आला, साप आला" करत तिच्या तोंडासमोर बोटं वळवळवत होते. ती झडप घालतेय, बाबा हसतायत, परत साप. मला पाहिल्यावर मोजा खिशात गेला. सात वर्षांच्या मुलाने जसा लपवला असता तसाच.

भटक्या_जीव
=)) बाबांना माझा दंडवत.

शेपूटवाली
सापडला की चोर. हसण्यावारी नेऊ नका मात्र. दहा वेळा हात चावल्यावर खेळ थांबतो आणि अकराव्या वेळी त्याच हाताचा मजेदार साप होतो, हे पिल्लाला कळणार कसं? उलट, कधीतरीच मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं. जुगाराला माणूस तसाच चिकटतो. त्यामुळे घरातले चारही जण एकच नियम पाळणार असतील तरच पुढचं वाचा.

नियम असा की दात कातडीला किंवा कपड्याला लागले की माणूस संपतो. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, हात झटकायचा नाही. झटकलेला हात म्हणजे पळणारा उंदीर. हात सैल सोडायचा, एकच ठरलेला शब्द शांतपणे म्हणायचा, आम्ही "संपलं" म्हणतो, आणि उठून दारापलीकडे जायचं. 20 ते 30 सेकंद. परत यायचं, काही झालंच नाही असं वागायचं. पुन्हा दात, पुन्हा बाहेर.

यात लोक तीन ठिकाणी चुकतात. पहिली चूक उशिराची. दात लागल्यापासून एक-दोन सेकंदांत उठलात तरच तिला संबंध कळतो. अर्धं भाषण देऊन उठलात तर ती भाषणाची शिक्षा समजेल. दुसरी, पाच मिनिटं बाहेर थांबणं. तोवर ती चप्पल शोधते आणि तुम्हाला विसरून जाते. तिसरी, पिल्लाला उचलून दुसऱ्या खोलीत टाकणं. उचलताना परत चावते, आणि पकडापकडी हाही एक खेळच होतो. जाताना पायांना लोंबकळत असेल तर आधीच एक हलकी दोरी पट्ट्याला लावून जड टेबलाच्या पायाला बांधून ठेवा आणि तुम्ही फक्त दोरीच्या टप्प्याबाहेर सरका. बांधलेली असताना कुणीतरी समोर हवंच, एकटं सोडायचं नाही.

आणि बाहेर जाण्याआधी हाताशी खेळणं हवं. दात लावायच्या बेतात दिसली की खेळणं तोंडासमोर. चावल्यानंतर दिलंत तर ते बक्षीस होतं, हे लक्षात ठेवा.

जुनाजाणता
अनुमोदन. "कुईं" बद्दल राहिलं. काही पिल्लं ते ऐकून थबकतात, काहींना ते चावल्यावर वाजणाऱ्या खेळण्यासारखं वाटतं. ठिपकी दुसऱ्या गटातली. सोडून द्या.

दाढीवाला
रस्सीखेच खेळू नये म्हणतात, कुत्रा शिरजोर होतो. त्याचं काय?

खारूताई
काका तुम्ही अजून इथे आहात याचा आनंद झाला.

नाही होत. रूनी आणि ब्रॅडशॉ यांनी 2002 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरांवर हाच प्रयोग करून पाहिला. खेळात कुत्र्याला जिंकू दिलं म्हणून तो माणसावर शिरजोर होतो, असं त्यांना आढळलं नाही. उलट नियम लावून खेळलेली रस्सीखेच म्हणजे दात कुठे लावायचे याची शिकवणीच. दोरी लांब हवी, चांगली हातभर, म्हणजे दात आणि बोटं यांत अंतर राहतं. "सोड" म्हटलं की सोडायचं. सुरुवातीला सोडण्याच्या बदल्यात खाऊ द्या. दात चुकून हाताला लागले की खेळ खलास. आणि पिल्लाच्या बाबतीत वर उचलून झटके द्यायचे नाहीत, दात आणि मान दोन्ही कोवळं असतं. जमिनीलगत, डावीकडे-उजवीकडे.

रिमझिम, बाबांसाठी हेच. साप हवाच ना त्यांना? मोज्याऐवजी दोरीचा साप.

घुबड
मुलासाठी माझा अनुभव. आमचा कॉर्गी. ही जात गुरांच्या टाचांना चिमटे काढून त्यांना हाकायला तयार केलेली, त्यामुळे पळणारं पोर दिसलं की त्याची टाच ही त्याला सरकारी ड्यूटी वाटायची. पोर किंचाळून पळणार, हा मागे, घरभर वरात.

आम्ही पोराला "झाड" व्हायला शिकवलं. पाय जुळवून उभं राहायचं, हात छातीशी घडी, नजर आपल्या पायाकडे, तोंडातून आवाज नाही. झाडाशी खेळण्यात मजा नसते. आधी कुत्रा नसताना सराव केला, मी कुत्रा झालो होतो, फोटो उपलब्ध नाहीत. पण एक स्पष्ट सांगतो, सात वर्षांच्या मुलावर पिल्लाला शिकवायची जबाबदारी टाकू नका. झाड होणं हे त्याचं संरक्षण. शिकवणं मोठ्यांनी. आणि दोघांना एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा.

मंजिरी_म
आणि झोप! सगळे झोप विसरले. तासभर जागी, मग दीड-दोन तास झोप, असा साधारण ठेका ठेवा. कुंपण किंवा क्रेट (कुत्र्यासाठीचा पिंजरा) घरातल्या शांत कोपऱ्यात, वर पातळ चादर, आत चघळायला काहीतरी. शिक्षा म्हणून तिथे कोंडायचं नाही, ती तिची खोली. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे अंगात वारं शिरायच्या *आधी*, आत.

रिमझिम
दहा दिवसांनी आले आहे. खोटं बोलणार नाही, रडकुंडीला आलेय.

पहिले तीन दिवस फरक वाटला. चौथ्या दिवसापासून आधीपेक्षा वाईट. मी "संपलं" म्हणून उठले की भुंकते, पायजमा धरून लोंबकळते, काल तर दारावर नखं मारत बसली. नवरा म्हणाला तुझ्या त्या लोकांना सांग की प्रयोग फसला.

शेपूटवाली
तुझ्या नवऱ्याला सांग की प्रयोग लागू पडतोय.

लिफ्टचं बटण दाबलं आणि लिफ्ट आली नाही तर तू काय करतेस? लगेच जिना चढतेस का? आधी परत दाबतेस. मग जोरात. मग दहा वेळा. आणि मग जिना. ठिपकी आत्ता बटण बडवतेय. आजवर हमखास चालणारी युक्ती चालत नाही म्हणून ती आवाज वाढवून बघतेय. नेमकं याच टप्प्यावर लोक हार मानतात, आणि मग पिल्लू शिकतं की दहाव्यांदा जोरात दाबलं की लिफ्ट येते.

भुंकत असताना परत येऊ नकोस. दोन-तीन सेकंद शांत झाली की ये. आणि दार तिला नखांनी ओरबाडता येत असेल तर जाळीचं फाटक लाव, त्यातून तू दिसशील पण सापडणार नाहीस.

जुनाजाणता
जोडीला एक शांत व्यायाम देतो, पोट अर्धं भरलेलं असताना करायचा. मुठीत तिच्या रोजच्या खाण्यातला एक दाणा धरा, मूठ तिच्या नाकाशी न्या आणि गप्प बसा. ती चाटेल, ढुशा देईल, पंजा मारेल, दात लावून बघेल. मूठ दगड. जोरात दात लागला तर हात पाठीमागे. कधीतरी एक क्षण येतो, ती नाक मागे घेते आणि विचारात पडते. त्याच क्षणी मूठ उघडायची, दाणा तळहातावर. पाच-सहा दाण्यांत तुम्हाला दिसेल की ती मूठ पाहून स्वतःच मागे बसते. ज्या हाताला तोंड लावायचं नाही त्याच हातातून मिळतं, ही गंमत तिच्या डोक्यात बसायला हवी.

मग त्याच हाताने खांदा खाजवा, दुसऱ्या हाताने दाणा. तीन सेकंद खाजवून थांबा. जवळ आली तर आणखी. मान वळवून हाताकडे तोंड आणलं तर तिला आत्ता नकोय. कितीतरी चावे म्हणजे नुसतं "आता पुरे" असतं आणि आपण त्याला खोडी म्हणतो.

भटक्या_जीव
तो कडू फवारा मारू का हातावर? दुकानात मिळतो.

खारूताई
फर्निचरला मारून बघ. आमच्या बोक्याने, माफ करा, बोक्यासारख्या कुत्र्याने टेबलाचा पाय चावायचा सोडून चाटायला सुरुवात केली. हाताला नको. तुझा हात कडू लागावा असं तुला का वाटावं?

व्हेटबाई
चघळायला काय द्यावं यावर मला व्यक्तिगत निरोप आलेत, इथेच लिहिते. अंगठ्याचं नख दाबून बघा. थोडंसुद्धा रुतत नसेल तर ती वस्तू दाताला जास्त कडक. शिंगं, खूर, मोठी हाडं यांनी वरची मोठी दाढ उभी चिरते, अशा कुत्र्यांवर मी स्वतः उपचार केलेत. जाड रबराची खेळणी, किंवा जुना टॉवेल ओला करून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये गोठवलेला. हिरड्यांना थंड बरं वाटतं. धागे सुटायला लागले की फेकून द्या. गिळलेला लांब धागा आतड्यात अडकला तर पोट उघडायची वेळ येते.

दुधाचे दात बारा ते सोळा आठवड्यांदरम्यान पडायला लागतात, साधारण सहा-सात महिन्यांत पक्के 42 येतात. या काळात चघळणं वाढणार. माणसांना चावणं वाढलंच पाहिजे असं नाही.

रिमझिम
सतरावा आठवडा. वही परत काढली.

गेल्या तीन दिवसांत नोंदी 6. त्यातले चार नुसते स्पर्श, लाळ लागली आणि तिने स्वतःच तोंड काढून घेतलं. काल तर बघण्यासारखं झालं. मी बुटाची नाडी बांधत होते, तीच जागा, तीच वेळ. ती धावत आली, तोंड उघडलं, बोटापाशी आली आणि थांबली. दोन क्षण माझ्याकडे बघितलं. मग वळून गेली आणि आपली दोरी ओढत घेऊन आली, माझ्या बुटावर टाकली. मी एका पायात बूट घालून दहा मिनिटं दोरी खेळत बसले, बस चुकली.

साडेसहाची झोप पक्की झाली आहे, आता स्वतःच चादरीखाली जाऊन पडते. मुलगा सोफ्यावरून उतरलाय. दोनदा झाड झाला, तिसऱ्यांदा ती आलीच नाही तेव्हा नाराज झाला.

सगळं छान नाहीये. पाहुणे आले की अजून उड्या मारते आणि बाहीला तोंड लावते, तेव्हा दोरी पट्ट्याला लावूनच ठेवते. नवरा अजून कधीकधी "संपलं" म्हणून उठायचं सोडून भाषण देतो.

बाबांनी दोरीचा साप स्वीकारला, पण मी बाहेर गेले की मोजा निघत असणार असा मला दाट संशय आहे. दोन मोज्यांना भोकं आहेत आणि दोघेही निरागस चेहरे करून बसतात.

दाढीवाला
बाबांना म्हणावं मोज्यात हात नको, दोरीच घाला मोज्यात. चालतो मोजा, हात बाहेर असला की. आमच्या शेजाऱ्यांनी नवीन पिल्लू आणलंय, त्यांना हा धागा वाचायला दिला. नाकावरची टपली सोडून बाकीचं वाचा म्हटलं.

खारूताई
काका _/\_

रिमझिम
दाढीवाला काका, दोरीवाला मोजा आज बनवला, ठिपकी फिदा.

ताजी बातमी: काल सकाळी गालिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पायाला टोचलं. पुढचा दात! मुलगा नाचला. बाबांनी तो पुसून रिकाम्या काडेपेटीत ठेवला, वर तारीखही घातली, आणि पेटी आपल्या खुर्चीच्या हातावर.

आज पेटी सोफ्याखाली सापडली. तारखेसकट चघळलेली. दात आतच होता.